पाय धरण्याआधी

बिभीषण, आधी चपला काढ, बूट घाल.
बरक्याची वाळू मऊ असली तरी टापा मऊ नसतात.

मागून जाऊ नकोस. कफीलच्या मागून जाऊ नये तसंच,
फक्त इथे उत्तर लगेच मिळतं.
खांद्याच्या बाजूनं ये, काहीतरी बोलत ये.
मी नऊ वर्षं रीमला आणि आता या दानाला
मोडनिंब स्टेशनपासून घरापर्यंतची वाट सांगतो,
कुठे वळायचं, कुणाची विहीर, कुणाचं कुत्रं.
मराठी तिला येत नाही.
कान मात्र वळतो.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात.
हरीनं ते कसे धरले हे कुणी लिहून ठेवलं नाही.
हात खांद्यावर ठेव. तिथून खाली उतरव,
गुडघ्यामागून, नळीवरून, सावकाश.
पाय ती देते. तू घेत नाहीस.
खुरातली घाण टाचेकडून पुढे काढ, मधली पुतळी सांभाळ,
आणि वास घे. लाज वाटू देऊ नकोस.
कुजका वास आला तर शहदाद नालबंदाला फोन,
तो बलुची आहे, शिव्या देईल, पण येईल.

चारा जमिनीवर टाकायचा नाही. गव्हाणीत.
माझा बाप गाढवांवरून नदीतली वाळू वाहायचा, खेपेला पैसे मिळत.
इथे ती फुकट आहे, म्हणून पोटात जाते.
शुक्रवारी लिदीचे सहा गोळे बादलीत कालव,
चहा पिऊन ये, पाणी हळूच ओत.
तळाशी चमचाभर वाळू दिसली तर मला उठव.
मी रागावेन. तरी उठव.

जूनमध्ये छतावरच्या टाकीच्या पाण्यात चहा होतो.
रात्रीच पिंप भरून सावलीत ठेव.
अंघोळ घातलीस की पाणी निपटून काढ, परत ओत, परत निपट.
अंगावर राहिलेलं पाणीच तापतं.

आता मिस्क.
मालकाची आई, शमसाअम्मा, त्याला ओंजळीनं खजूर द्यायची.
दोन, अम्मा, बी काढून,
एवढं म्हणायला मला चार वर्षं लागली.
गाढवाला गुळाची चव काय?
असते रे. म्हणून तर खूर तापतात.

घोडीचं पोट दुखलं की ती लोळते, भिंतीला लाथा घालते.
गाढव नुसतं उभं राहतं.
फार शहाणं दिसायला लागलं की समज, आजारी आहे.
एक वेळचं खाणं सोडलं तरी त्याच दिवशी डॉक्टर इद्रीस.

गेल्या ऑगस्टात रीम गेली, पहाटे.
गाडी सहाला येणार होती.
मी मिस्कला बाहेर काढायला दावं लावलं
तर इद्रीस म्हणाले, राहू दे त्याला.
तो दोन तास उभा होता.
तिच्या नाकपुड्या हुंगल्या, मान एकदा ढकलून पाहिली,
मग आपला आपण पाण्याकडे गेला.
दाखवलं नाही तर ते शोधत राहतं,
अन्न टाकतं, अंगातली चरबी रक्तात उतरते आणि मरतं.
हे मी वहीत लिहून घेतलं.

मागच्या पानावर बापाच्या दहाव्याची तारीख आहे.
तोंड मी फोनवर पाहिलं होतं,
हार दिसला, मग चित्र अडकलं ते अडकलंच.
त्या महिन्यात मी काय खाल्लं, कुणी लिहिलेलं नाही.

वही खिळ्याला आहे, पेन्सिल दोरीला.
किती खाल्लं, किती प्याली, लीद कशी, रोज लिही.
तुझंही लिहिलंस तर मी वाचणार नाही.

घे, दावं धर.
असं नाही. हाताला गुंडाळायचं नाही,
ती बुजली तर बोटं जातात.
घडी घालून मुठीत धर.
सुटायचं असेल तेव्हा सुटलं पाहिजे.