दहा किलोच्या खाली

रात्री साडेअकरानंतर भंगाराच्या गाड्या कमी होतात.
जालन्याच्या एमआयडीसीत, धर्मकाट्याच्या केबिनमध्ये
मी पुठ्ठा अंथरतो, खडूनं चौकोन आखतो.
बाटल्यांची झाकणं म्हणजे पिशाच्चं.
एक मोठा नट म्हणजे विश्वंभर, ढाल-तलवारवाला,
त्याच्यामागं वॉशर, म्हणजे मुजीब, जादूगार.
दैवशाला दवाखान्यातून येते,
एका कानातलं काढून ठेवते. ती वैद्यीण.

वीस तोंडांचा फासा मुजीबनंच घडवला,
सळईचा उरलेला तुकडा, आधी लेथवर, मग कानशीनं.
बाकीचे फासे लुडोचे.
सतरा जरा जास्तच पडतं त्याच्यात.
आम्ही सगळे जाणतो. कुणी बोलत नाही.

भांडण अग्निगोळ्याचं आहे.
आठ फासे नुकसान, वीस हात घेर,
मुजीब बोट दाखवतो आणि दालन साफ.
विश्वंभर तीन आठवड्यांपासून तलवार नुसती पुसायलाय.
"मी कामून येतो मग? डबा धरायला?"

भरली गाडी, वजा रिकामी गाडी, उरेल तो माल:
दिवसभर मी हेच करतो.
म्हणून वही काढली.
आठाचे सहा केले. मुजीबचं तोंड उतरलं.
परत आठ, पण दर गोळ्याला एक बोट सुन्न.
दैवशाला म्हणाली, बोटं मलाच बरी करावी लागणार,
म्हणजे भुर्दंड माझ्यावर.
खरं होतं. खोडलं.
खोडता खोडता पान फाटलं
आणि हॉर्न वाजला. कर्नाटक पासिंगचा ट्रक,
एकतीस टन चारशे ऐंशी.
पावती फाडून परत आलो तर
पिशाच्चं जागच्या जागी,
शिस्तीत आपल्या पाळीची वाट बघत.

मग मी मंत्राचा नाद सोडला
आणि किल्ला बदलला.
शाळेच्या सहलीत देवगिरीची अंधारी पाहिली होती:
वटवाघळांचा वास, मास्तरांची विझलेली बॅटरी,
पुढच्याचा शर्ट धरून चालणं.
तीच काढली पुठ्ठ्यावर. एक माणूस रुंद. वळणं.
"टाक आता गोळा."
मुजीबनं हात उचलला. चौकोन मोजले.
वीस हात घेर, दहा हातांवर भिंत,
उरलेली आग कुठं जाईल?
बराच वेळ हात तसाच हवेत.
मग खाली.

विश्वंभर वळणावर उभा राहिला.
एका नटानं बोळ भरून गेला.
पिशाच्चं एकेकच पुढं येऊ शकत होती,
पण अंधारात त्याचेही वार भिंतीला.
चौथ्या फेरीत त्याच्याकडं तीन प्राण उरले,
त्यानं सिगारेट पेटवली नाही, नुसती धरली.

दैवशालाजवळ एक मंत्र होता, काजवा.
पहिल्या पायरीचा. नुकसान: काही नाही.
घेतला तेव्हा आम्ही हसलो होतो.
"तलवारीवर लाव," मुजीब म्हणाला.
तिनं मान हलवली.
शेवटच्या झाकणाच्याही पलीकडं बोट ठेवलं,
तिकडं, त्यांच्या मागं.

उजेड पाहून पिशाच्चं वळली.
सगळी. मागून कुणी आलं असं वाटून.
विश्वंभरसमोर पाठींची रांग.
फासा पुठ्ठ्यावरून घरंगळत खुर्चीखाली गेला.
सतरा नव्हतं. पाच होतं.
पाठीला पाच पुरतं.

पहाटे मुजीबनं फासा काट्याच्या पत्र्यावर ठेवला.
आत आकडा हलला नाही.
दहा किलोच्या खाली हा काटा काही मानत नाही.
मग आम्ही चौघंही चढलो.
दोनशे तीस.
कुणाचं किती, ते कळायला मार्ग नाही.

सगळे गेल्यावर पुठ्ठा गुंडाळायला वाकलो,
तर दैवशालाचं कानातलं बोळातच राहिलेलं,
वॉशरच्या मागं.
गुंडाळला नाही.
बाहेर कुणीतरी हॉर्न देत होतं.