कानाचा साचा

म्हापशात, बेकरीवरच्या माडीत
आग्नेल माझ्या कानात भरतो गार गुलाबी लगदा.
"पाच मिनिटं. जबडा हलवू नकोस."
हलायचं नाही, हेच तर शिकतेय वर्षभर रेंजवर.

विलायती जोडीचे अकरा हजार.
हिचे अठराशे, दोरी हवी तर पन्नास वेगळे.
फोमची बोंडं स्वस्त, पण गालाला
रायफल टेकली की सुटतात.

बाबा बाकावर, नोटा मुठीत.
डिचोलीच्या खाणीत सुरुंग उडायचे
तेव्हा कापूस घालत,
आठवलं तर.

"ऐकू येतंय?" आग्नेल पुटपुटतो.
"काय?"
आम्ही दोघंही.

साचा निघतो, शिंपीतल्या तिसरीसारखा मऊ:
माझ्या कानाची आतली वाट.

बाबा अठराशे मोजतात. थांबतात.
मग दोरीचे पन्नास.
"हरवतं गो," म्हणतात,
नेहमीसारखं मोठ्यानं.