कोरडं वाजतं

फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडे
उन्हाळा पाठ फिरवतो, वारा तेवढा मागे राहतो.
कोयाइकेच्या वर, जिथे डांबर संपतं,
तिथून पुढे लेंगाची झाडं,
आणि आम्ही दोघं.

बाबांनी एकेचाळीस वर्षं करवत चालवली,
कानात साधा बोळाही न घालता.
आता माझी हाक त्यांना ओठांवर दिसते,
कुत्रा भुंकलेला शेपटीवरून कळतो.
इंजिन मात्र ते अजून ऐकतात,
तळहाताने.

आज सकाळी लाकूडफोड्या यंत्राने अंग टाकलं.
दोरी ओढली, खोकलं.
पुन्हा ओढली, गुरगुरलं.
तिसऱ्यांदा सुरू झालं आणि चढतच गेलं,
उपाशी माणसाचा आवाज चढतो तसं.
बाबा आले. टाकीवर हात ठेवून
भलतीकडेच बघत राहिले,
नाडी बघणारे बघतात तसे.
"हवा खातंय," म्हणाले.
मला वाटलं, थट्टा करतायत.
ऐन कामाच्या दिवसांत हवा खात बसायला
याला काय झालं?

पण खरंच खात होतं. कार्ब्युरेटरचं गास्केट
कोपऱ्यातून चिरलेलं, वाळल्या सालीगत.
दुकान चाळीस किलोमीटरवर, त्यात रविवार.
मग ओटचं खोकं रिकामं केलं भांड्यात,
पुठ्ठ्यावर जुनं गास्केट ठेवून पेन्सिलीने गिरवलं,
भोकं खिळ्याने पाडली, तेलाचं बोट फिरवलं.
खोक्यावरच्या गालगुबऱ्या पोराचं
अर्धं हसू आता त्या इंजिनात आहे.
बाबांनी पुन्हा हात ठेवला.
काहीच बोलले नाहीत.
याचा अर्थ, चालू दे.

दुपारभर फोडत होते.
पांढऱ्या चिरफाळ्या, ओल्या पोटाचा आंबूस वास,
हायड्रॉलिकच्या नळीतून बुटावर ठिबकणारं तेल.
मध्येच करवतीला धार. कानस पुढेच ढकलायची,
मागे ओढली की बोथट होते,
हे मी सात वर्षांची असताना
एका थपडीसकट शिकले.

मग तो गाठीचा ओंडका आला.
पाचर निम्मी आत शिरली आणि थांबली.
यंत्र कण्हलं, चाकं जमिनीवरून उचलली गेली.
मी घण घ्यायला वळले, तर बाबांनी मनगट धरलं,
लिव्हर मागे घेतला, ओंडका ओढून काढला
आणि उलटा उभा केला.
"लाकडाला शेंड्याकडून विचार. बुंधा हट्टी असतो."
शेंड्याकडूनही नाहीच फुटला.
बाबा जरा खजील झाले.
आता कुत्रा त्यावर चढून बसतो.

संध्याकाळी दोन्या नोल्फाचा माणूस ट्रक घेऊन आला.
तीन घनमीटर, गेल्या वर्षीचं, खणखणीत वाळलेलं.
ओलं निघालं तर परत पाठवीन, असा निरोप.
खाली दरीत हिवाळाभर धूर कुणाच्या लाकडाचा साचतो
यावरून तिथे बायका एकमेकींशी बोलत नाहीत.
माल देण्याआधी दोन फळ्या एकमेकींवर आपटायच्या,
कोरडं वाजतं, ओलं बुदबुदतं.
बाबांनी आपटल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं.
"वाजतंय?"

मी मान हलवली. वाजत होतं.
पण माणसाला मुलीच्या मानेवर
किती वर्षं धंदा करवेल?
त्यांनी एक फळी उचलून जबड्याला लावली,
डोळे मिटले,
दुसरीने तिच्यावर टकटक केलं. एकदा. परत एकदा.

काहीतरी हाडातून चढत गेलं असावं.
ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, अंधारून येत होतं,
आणि बाबा दारात कुणी आल्यासारखे
फळी गालाशी धरून उभे,
दाढीत भुसा,
अजून एकदा टकटक.