सैल

येलिवारेच्या इस्पितळात
दुपारी दोनलाच अंधार झाला तेव्हा
इर्या निस्कावाराने माझा हात धरला आणि म्हणाली,
"थांबा. सुटेल आपोआप. ओढू नका."

तिची बोटं अशीच. मिटली की उघडायला वेळ घेतात.
जिन्याची पहिली पायरी चढताना पाय लाकडाचे,
दहावीपाशी कुठे तिचे होतात.
लहानपणी बर्फात ओंडक्यासारखी आडवी व्हायची,
पोरं हसायची.

मग हेल्गेचं सांगितलं. थोरला भाऊ. एकाहत्तर साल, अपेंडिक्स.
सैल करायचं म्हणून सुई टोचली
आणि जबडा बसला, कडीकुलूप लागावं तसा.
छाती दगड.
फुगा दाबणाऱ्या डॉक्टरला
आत हवा घालायला वाटच सापडेना.
"वाचला," ती म्हणाली, "पण आई त्यानंतर
घरातलं एकही दार लावून घेईना."

ट्रेमधली ती एक कुपी मी उचलली,
कपाटात ठेवली, किल्ली खिशात.
दुसरं औषध, मोजून, थोडंच.
त्यावर उताराही द्यायचा नाही, नुसती वाट बघायची.
सलाईन कोमट, खोली इतकी उबदार
की नर्स आनेली कपाळ पुसत कुरकुरली.
इर्याला हुडहुडी भरता कामा नये,
एवढंच डोक्यात.

पित्ताशय निघालं. रात्री ती जागी झाली.
"तोंड उघडा," म्हटलं.
उघडलं. वर जांभईही दिली.
मग पुन्हा माझा हात धरला.

बाहेर उणे सव्वीस. ड्यूटी केव्हाच संपलेली.
मी ओढला नाही.