लेथच्या वरची खोली

खाली दस्तगीर मिस्त्रींचं लेथ, वर माझी खोली.
उद्यमनगरात फरशी दिवसभर थरथरते.
महिन्यात तीन एडिटर बदलले मी.
काळा पडदा, निळसर पडदा, परत काळा;
अक्षराचं वळण निवडण्यात
अख्खा रविवार.

"लागलास का कामाला?" मिस्त्री चहाला विचारायचे.
"अजून हत्यारच ठरेना."
त्यांनी बिट दगडावर धरलं,
ठिणग्यांपुढं डोळे बारीक केले.
"बाजारात बिट मिळतंय, बाळा. धार न्हाई."

शेवटी विम घेतला.
"भांडी घासायचा?"

पहिल्या रात्री त्यातून बाहेरच पडता येईना.
लॅपटॉप तसाच मिटून झोपलो.
मग माऊस कपाटात टाकला, आणि
एच, जे, के, एल…
दिवाळीपर्यंत नुसत्या शिव्या.

परवा लाइट गेली. बटणं दिसेनात,
बोटं चालूच.
खाली लेथ थांबलेलं, आणि मिस्त्री
गरम जॉबवरून अंगठा फिरवत बसलेले,
माप घ्यायला नव्हे, उगाच.

रात्री आईला मेसेज लिहिला: जेवलो.
पुढं बोटांनी आपणहून
कोलन, डब्ल्यू, क्यू.
लगेच तिचा फोन, "हे काय रे?"
काही नाही गं.
लिहिलं, आणि बाहेर पडलो.