भाड्याचा डबा

कंपनीचा डबा काढून ठेवला वीबकेने.
सहा वर्षं भाडं भरलं त्याचं, महिना पाच युरो,
आणि ऐन बातम्यांच्या वेळी तो मान टाकायचा.

नवा मोडेम स्वतःचा. पावती फ्रिजवर चिकटवलेली.
फोनवरच्या पोराला तिने तळाचा नंबर वाचून दाखवला,
आठ की बी, यावरून दोघांची जुंपली.
मग चाळीस मिनिटं संगीत.
खिडकीबाहेर ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावर क्रेन
कुणाचं तरी सामान उतरवत होती.

दिवा लागला. हिरवा. स्थिर.

नाव काय द्यायचं, असं यंत्राने विचारलं तेव्हा
तिने जुनंच टाकलं. पासवर्डही जुनाच,
मेलेल्या कुत्र्याचं नाव आणि साल.
योर्न कधी आलाच, तर
त्याच्या फोनला दारात अडायला नको.