शिल्लक

खोक्यावर छापलं होतं, चाळीस मिनिटांत कपाट तयार.
गुंडेटीला लागले चार तास.
त्यातला एक लाइट गेल्यामुळे
आणि अर्धा, उकाड्याला शिव्या देण्यात.
एप्रिलातल्या सोलापुरात शिवी म्हणजे घोटभर पाणी,
कुणी मोजत नाही.

मी मात्र मोजते.
सहकारी बँकेत रोखपाल आहे, बावीस वर्षं.
दहाची एक नोट जास्त निघाली तरी
शटर अर्धं ओढून आम्ही पुन्हा बसतो.
कमी पडलं तर खिशातून भरता येतं;
जास्त निघालं म्हणजे कुणाचं तरी गेलंय.

तर कपाट उभं राहिलं,
दारं लागली, आरसा लागला,
आरशात गुंडेटीचं घामेजलेलं कपाळ,
आणि खाली फरशीवर, पसरलेल्या पेपरच्या कडेला,
एक स्क्रू.

"हा कुठला?"
"जास्तीचा. कंपनी देते."
"कागदावर बत्तीस लिहिलेत. पिशवीतही बत्तीसच होते,
मी मोजूनच दिले तुम्हाला."
"मोजून?"
तो असा बघत राहिला,
जणू मी त्याच्या डब्यातल्या भाकऱ्या मोजल्या.

"मॅडम, अक्कलकोट रोडला वीस वर्षं माग जोडले मी.
माग दिवसरात्र थरथरतो.
माझा बोल्ट कधी निघाला नाही.
आणि हे काय लाकूड हाय? भुसा अन् डिंक.
भुशात बत्तीस मारले काय, एकतीस मारले काय.
उगं का चिडूलालाव?"

मी म्हटलं, सहाशे ठरले होते, साडेपाचशे देते.
तो म्हणाला, पन्नासला एक स्क्रू?
कन्ना चौकात रुपयाला दोन मिळतात, चला दाखवतो.
मी म्हटलं, प्रश्न रुपयाचा नाही.
तो म्हणाला, मग पन्नास कापता कशाला?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं,
म्हणून मी आवाज चढवला.

समोरच्या दारात नरसव्वा, मांडीवर सूप,
कात्री पानावर चालतच होती.
"एमय्या," ती म्हणाली, मान वर न करता,
"मी रोज हजार विड्या वळते.
शंभर छाट म्हणून बाजूला काढतात,
पैसे नऊशेचे, अन् छाट बी परत देत न्हाईत.
जास्तीचं देणारी कंपनी
कुठं असते रे? मला सांग की. अर्ज करते."

आधी तो हसला.
मग मी, नाइलाजानं.
मग त्यानं कपाट भिंतीपासून ओढलं,
बॅटरी दातांत धरली, मागं शिरला.

प्रत्येक भोकावर बोट ठेवत गेला,
ओकटी, रेंडू, मूडू,
बॅटरीमुळे बोबडे झालेले आकडे,
आणि त्याच्या मागून माझे, एक, दोन, तीन.
मुप्पै रेंडूला तो थांबला.
बत्तीसला मी.
एकही भोक रिकामं नाही.
फरशीवर स्क्रू तसाच.

म्हणजे पिशवीत तेहतीस होते.
म्हणजे मी चुकले, माझ्या घरात, माझ्याच हातांनी,
शटर वगैरे काही न ओढता.

सहाशे दिले. त्यानं घडी करून वरच्या खिशात घातले.
"मोजा की," मी म्हटलं.
"तुम्ही मोजलंय ना," तो म्हणाला.
टोमणा होता की भरवसा, अजून ठरलेलं नाही.

नोटा आत जाताना खिशात काहीतरी वाजलं.
सुटे स्क्रू. त्या कारागिरांच्या खिशात असतातच.
तो मागं शिरला तेव्हाही वाजले होते.
ते मी मोजले नव्हते.

आता तो स्क्रू कुंकवाच्या करंड्याशेजारी असतो.
कपाटाचं डावं दार थोडं कुरकुरतं,
विशेषतः रात्री, पाणी सुटायच्या सुमारास
सगळी गल्ली जागी होते तेव्हा.
गुंडेटी कधीतरी सायकलवरून जातो,
ब्रेक न लावता विचारतो,
"उभं हाय का?"
"आहे," मी म्हणते.